लाल पिसांची चटई

"तो फोन पालथा ठेव रे," सेफो आजोबा म्हणाले. "आणि दात काढायचे नाहीत. पलीकडे तुमच्या आत्या झोपल्यात."

पोरं सरकून जवळ बसली. भिंती नसलेल्या घरात समुद्राचा आवाज सरळ आत येत होता. आजोबांनी सांगायला घेतलं.

पेलेनातो तुम्हाला ठाऊक आहे. माझा मेव्हणा, मान खाली घालून चालतो तो. तो आधी तसा नव्हता. ऑगस्टात एका सोमवारी तो पाण्याच्या टाकीचा खड्डा खणायला परसात गेला. सोबत दोघं भाचे. वाळू चांगली मऊ, काम भराभर चाललं होतं. कंबरभर खोल गेल्यावर कुदळ अडली. हात घालून पाहतात, तर माणसाची कवटी.

हाडं चांगली जाडजूड. "म्हाताराच आहे कुणीतरी," पेलेनातो म्हणाला. त्यानं ओठातली सिगारेट काढली, कवटीच्या दातांत खोचली आणि भाच्याला म्हणाला, "काढ फोटो." मग म्हाताऱ्याला त्याच्या बायकोबद्दल एक प्रश्न विचारला. तो काय, ते मी इथं बोलणार नाही. भाचे पोट धरून हसले.

मागं कप वाजले. कोको घेऊन फेतू उभी होती, पेलेनातोची थोरली बहीण. तिनं ट्रे खाली ठेवला आणि निघून गेली.

बुधवारी राजधानीहून, आपियाहून तालिताबाई आल्या, जुन्या वस्तीची खणाखणी करणाऱ्या. दिवसभर ब्रशनं वाळू झाडत बसल्या. मनगटाच्या हाडावर शिंपल्याचं कडं निघालं, भोवती नक्षीच्या मडक्यांचे तुकडे. संध्याकाळी म्हणाल्या, "आपले लोक मडकी घडवायचं विसरून गेले ना, त्याच्याही आधीची आहे ही. अडीच हजार वर्षांपलीकडची. तिशीतली बाई."

"बाई?" पेलेनातोनं विचारलं.

"कमरेच्या हाडावरून कळतं. तुमच्याच जागेत आहे, म्हणजे तुमचीच कुणी थोरली बहीण समजा."

आपल्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. पेलेनातोच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. फोटो तर ऑकलंडपर्यंत पोचला होता. रात्री तो फेतूच्या दारात जाऊन बसला.

"ताई, मला काय ठाऊक ती बाई आहे?"

तीन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "बाप्या असता तर चाललं असतं?"



"ताई, चुकलं. माफ कर."

"मी कोण माफ करणारी? जिच्या तोंडात सिगारेट कोंबलीस, तिच्यापुढं जाऊन बस."

इफोगा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उजाडायच्या आत जायचं. ज्याचा अपराध केला, त्याच्यापुढं डोक्यावरून चटई घेऊन खाली बसायचं. त्यानं चटई उचलली तर सुटलास. नाही उचलली, तर...

"पण ती कशी उचलणार, ताई? हाडं आहेत ती."

"मग बसून राहा."

एवढं बोलून फेतूनं पेटी उघडली. आईनं विणलेली चटई काढली, बारीक विणीची, कडेला लाल पिसं. दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवली.

गुरुवारची पहाट. तीनचा सुमार, अमावास्या. खड्ड्यावर ताडपत्री, तिच्या चारही कडांवर दगड. पेलेनातो समोर मांडी घालून बसला. चटई डोक्यावरून घेतली. आत अंधार, स्वतःच्याच श्वासाची ऊब. परसाच्या पायरीवर फेतू बसली होती.

बराच वेळ काही नाही. नुसती लाट. कुठंतरी डुक्कर घुरघुरलं, तेही थांबलं.

मग लाटही ऐकू येईना.

वाळू सरकली. थोडीशी. खड्ड्याच्या बाजूनं.

"ताई...?"



हळदीचा वास आला. खोबरेल तेलात कालवलेल्या हळदीचा.

कुणीतरी समोर उभं होतं.

चटईच्या दोन कडांना ओढ बसली. हळूच. चटई वर गेली. मानेला वारा लागला.

चटई उचलली की मान वर करायची. रीत आहे तशी. पेलेनातोला मान वर करता आली नाही. ती सिगारेट, तो प्रश्न, भाच्यांचं हसणं... त्याला समोरची वीतभर वाळू दिसत होती, तेवढीच. तो रडत होता.

फटफटलं तेव्हा तो तसाच बसला होता. डोक्यावर चटई नव्हती. आजूबाजूलाही नव्हती.

"ताई, तू उचललीस?"

"मी पायरीवरून हलले नाही."

"मग कुणी? तुला दिसलं असेल ना?"

फेतू खाली आली, त्याच्याशेजारी वाळूत बसली आणि त्याचा हात हातात घेतला. काय दिसलं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आठ वाजता तालिताबाई आल्या. दगड जागच्या जागी होते. ते सारून त्यांनी ताडपत्री उचलली. वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या.

"हे इथं कुणी ठेवलं?"

भावाबहिणीनं पुढं होऊन पाहिलं.

कडं असलेल्या मनगटाखालून, घट्ट बसलेल्या वाळूतून, बोटभर लाल पिसं बाहेर आली होती. आणि वाळूवर तालिताबाईंच्या ब्रशच्या कालच्या रेघा... जशाच्या तशा.