टेकडीवर दाखवलेलं गोदाम

या, श्रोतेहो, जवळ सरून बसा. पाण्याची आणि निर्लज्जपणाची एक गोष्ट सांगतो. ऐकून तोंड कडू झालं, तर माझा इलाज नाही.

निवृत्त परिचारिकांच्या पेन्शन फंडानं नदीकाठचं एक गोदाम विकत घेतलं. पहिल्याच पुरात ते बुडालं. आतला रखवालदार गेला. ठपका आला तो पूर-वादळाचा धोका जोखणाऱ्या मुलीवर. तिनं 'धोका नाही' असं लिहिलं होतं ना!

ती रडतच गुप्तहेर मावशींकडे आली. मावशी बघायच्या जास्त, बोलायच्या कमी. त्यांचा लठ्ठ भाचा नेमका उलट.

"फंडानं नकाशावर दिलेली जागाच मी तपासली हो! ती टेकडीवर होती. आता तुरुंगात मी जाणार."

मावशी भाच्याला घेऊन गोदामात गेल्या. भाच्याला दिव्याचं बटण सापडेना. सापडलं ते पार छताखाली.

"ही बटणं काय उंटांसाठी?" तो म्हणाला.

"पहिल्यापासून तशीच आहेत," दाखवायला सोबत आलेला गोदाम विकणारा गुरगुरला. "शिडी होती, वाहून गेली. पाणी यंदाच आलं. दाजींनी... म्हणजे फंडाच्या साहेबांनी कागद बघूनच घेतलंय."

साहेबांची खोली चकचकीत होती. "मी त्या गोदामाचं तोंडही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "रखवालदारही खुळाच. एरवी शिडीवर लटपटत चढायचा, बघून हसू यायचं. त्या दिवशी काय पाय मोडले होते?"

भाच्यानं हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मावशींनी सगळ्यांना बसवलं.

"चोर विकणाराच!" भाचा म्हणाला.

"अर्धा. बटणं उगाच कुणी छताला नेत नाही. आधी पाणी चढलं होतं, म्हणून नेली. पण साहेब, शिडी पुरात गेली. मग तिच्यावर लटपटत चढणारा माणूस तुम्ही पाहिलात कधी? पुराआधीच. बटणंही पाहिलीत, धोका ओळखलात, आणि पोरीला टेकडी दाखवलीत. दाजी म्हणणाऱ्या मेहुण्याचं बुडीत गोदाम म्हाताऱ्या परिचारिकांच्या गळ्यात मारायला."

मेहुण्यानं मान खाली घातली. साहेब मात्र खांदे उडवून म्हणाले, "एक रखवालदारच गेला ना? दुसरा मिळेल."

"शी!" मावशी उठल्या. "भाच्या, दार उघड. पोलिसांना आत घे. आणि खिडक्याही उघड, इथं श्वास घेववत नाही."

पोरगी सुटली. पण त्या पुराच्या दिवशी पाणी वाढत असताना शेजाऱ्यांनी रखवालदाराला बाहेर यायला हाका मारल्या होत्या. "साहेब स्वतः सांगून गेलेत, इथं पाणी येत नाही," असं म्हणून तो भला माणूस मालाची राखण करत बसला. देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी त्याची आठवण काढा.