महिन्याचा शेवटचा सोमवार

"गाण्याचं नाव नाही ठाऊक," तो म्हणाला, "पण ते साधारण असं जातं—"

आणि माझ्या मामाच्या रेकॉर्डच्या दुकानात, भर दुपारी, तो चक्क नाचायला लागला!

बाहेर अ‍ॅव्हेन्यूवर जुलैचा पाऊस झोडपत होता. त्याचे बूट चपचप वाजत होते, सोनेरी केसांतून पाणी निथळत होतं. आमच्या वस्तीत गोरा पोरगा दिसला, तर तो एक तर वाट चुकलेला असतो, नाही तर विम्याचे हप्ते मागायला आलेला. हा मात्र दोन गिरक्या, एक ठेका, मग टाच घसटत मागे… आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कारण नाचाची ती चाल माझी होती. आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या शिव्या खात बसवलेली. माझी!

"थांब," मी म्हटलं. "हे कुठे शिकलास?"

"टीव्हीवर. गेल्या महिन्यात एक मुलगी नाचत होती. पिवळा फ्रॉक घातलेली…"

"टीव्ही काळा-पांढरा असतो. फ्रॉक पिवळा होता हे कसं रे कळलं तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. गोऱ्यांचं हे एक बरं असतं, काही लपत नाही.

"मी… बाहेर होतो. स्टुडिओसमोरच्या टीव्हीच्या दुकानापाशी, बसची वाट बघत. ती आत जाताना दिसली."

"पकडलीस बस?"

"नाही," तो म्हणाला. आणि हसला. त्याचा एक दात थोडा वाकडा होता. तो मला आवडला हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते.

मी त्याला ओळखलंच होतं. कॅझ बोरोव्स्की. टीव्हीवरच्या 'हार्लन हॉप' या नाचाच्या कार्यक्रमात रोज दुपारी नाचणाऱ्या ठरलेल्या पोरांपैकी एक. निळं जाकीट, पॉलिश केलेले बूट आणि शेजारी दर आठवड्याला नवी गोरीगोमटी जोडीदारीण. आख्खं बाल्टिमोर शाळा सुटली की तो कार्यक्रम बघायचं. आम्हीही बघायचो. आम्हाला आत जायचं असेल, तर फक्त महिन्याचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी सगळी पोरं काळी. बाकीचे सगळे दिवस सगळी गोरी. एकत्र कधीच नाही. काय तो उपकार!

"आणि पाय उलटा पडतोय तुझा," मी सुनावलं. "उजवा आधी. तू टीव्हीसमोर उभं राहून शिकलास ना? आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं उचललंयस, शहाण्या."

"मग सरळ करून दाखव."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. मी उजवीकडे, तो डावीकडे, आणि धाडकन माझ्या खांद्यावर आदळला. पुन्हा केलं, पुन्हा आदळला. मग मी वैतागून त्याच्यासमोर तोंड करून उभी राहिले. आणि… जमलं. मी जिकडे, तो तिकडे. एक पाऊल चुकलं नाही. रेकॉर्ड संपली, सुई खरखरत राहिली, तरी आम्ही दोघं तसेच, नुसते बघत.

"नाव काय तुझं?"

"डेल्फीन पिंकनी. आणि रेकॉर्डचे पैसे दे आधी."

मग तो येतच राहिला. मामा खोकायचा, छताकडे बघायचा, पण बोलायचा नाही. कॅझ कधी बर्फाचे गोळे घेऊन यायचा, वर मार्शमेलोचा गोड फेस घातलेले, अर्धे वितळलेले. बाहेर गोळेवाल्याच्या गाडीपाशी आम्ही एकत्र खाऊ शकत नव्हतो, म्हणून मागच्या खोलीत, खोक्यांवर बसून.

"तुझ्या मनगटावर पाक ओघळलाय," तो म्हणायचा.

"मग बघू नकोस."

"जमत नाही."

असली वाक्यं फेकायला कुणी शिकवलं होतं त्याला, देव जाणे! मी मात्र खोक्यावरची धूळ पुसत बसायचे.

एकदा त्या खोलीत हळू गाणं लागलं. त्याचा हात माझ्या पाठीवर आला, आणि मी बाजूला झाले.

"काय झालं?"

"काय होणार? तुझ्या त्या कार्यक्रमातल्या मिल्ड्रेडबरोबर तू आख्ख्या शहरासमोर नाचतोस. माझ्याबरोबर खोक्यांच्या मागे. मी काय चोरीचा माल आहे का?"

"डेल्फीन, तुला माहितीये… कायदा असा आहे की काळ्या-गोऱ्यांनी लग्न—"

"लग्नाचं कोण बोलतंय इथे! मी नाचाचं बोलतेय. दिव्यांखाली. सगळे बघतील असा एक नाच. तो जमणार नसेल तर हेही नको. कळलं?"

त्याने टोपी उचलली आणि तो गेला. मी रडले नाही. म्हणजे, तो रस्ता ओलांडेपर्यंत तरी नाही.

घरी आईने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. आई आमच्या स्वयंपाकघरात बायकांचे केस सरळ करून द्यायची. शेगडीवर लोखंडी फणी तापत असायची. शेवटच्या सोमवारच्या आधी तर पोरींची रांगच लागायची.

"त्या गोऱ्या पोराच्या नादी लागू नकोस," ती माझ्या केसांतून फणी ओढत म्हणाली.

"आई, मी फक्त त्याला म्हटलं की माझ्याबरोबर—"

"काय म्हटलंस ते क्लाइडमामाने सांगितलंय मला. मान सरळ ठेव, भाजेल. अगं, तुझा नाच दोन मिनिटांचा. पण या सगळ्या पोरींचा महिन्याचा एक दिवस तेवढ्यात हातचा जाईल. बर्निसला विचार, महिनाभर त्या एका दिवसावर जगते ती."

"एक दिवस! त्यांनी टाकलेला तुकडा! तो जपून ठेवायचा का मी, आई?"

आईने पुढची बट ओढली. फणीचा चर्र आवाज तेवढा आला. तिचं चुकत नव्हतं, हेच तर मला खुपत होतं.

मग तो सोमवार उजाडला.

आम्ही सगळे स्टुडिओच्या दारात रांगेत. पोरींचे स्कर्ट कडक इस्त्रीचे, पोरांचे टाय आवळलेले. मैत्रीण बर्निस माझ्यापुढे. आणि एकदम मागून कुजबुज सुरू झाली. मी वळून बघितलं.

कॅझ रांगेत उभा होता. आमच्या रांगेत. निळं जाकीट, पॉलिश केलेले बूट आणि चेहरा पांढराफटक.

"पुढे सरका ना," तो मागच्या-पुढच्यांना सांगत होता. "मी नंबर सोडणार नाही हं."

दारावर डूली नावाचा म्हातारा रखवालदार होता. इतर दिवशी काळं पोर दिसलं की हाकलायचं, ही त्याची नोकरी. त्याने कॅझकडे वर-खाली बघितलं.

"पोरा, आज त्यांचा दिवस आहे."

"माहितीये."

"तू तर काळा नाहीस."

"तेही माहितीये, मिस्टर डूली. पण गोऱ्याने आज यायचं नाही, असं कुठे सांगितलंय तुम्हाला?"

डूलीने टोपी मागे सारली. विचार केला. खूप केला. आम्हाला कसं अडवायचं याच्या ढीगभर सूचना होत्या त्याच्याकडे. पण एखादा गोरा आमच्या रांगेत उभा राहील, हे त्या इमारतीत कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं!

"तसं… नाही सांगितलं कुणी," तो पुटपुटला. मागून पोरं रेटत होती, आत संगीत सुरू झालं होतं. "वरच्या साहेबांनी पाठवलं का तुला?"

"त्यांना विचारा ना," कॅझ म्हणाला, आणि आत शिरला.

"डेल्फीन!" बर्निसने माझा दंड धरला. "त्याला परत पाठव. आपला दिवस जाईल गं!"

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. आणि तरीही मी म्हटलं, "नाही पाठवणार."

पहिला नाच रांगेतला होता. कॅझ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पहिल्याच ठेक्याला माझ्यावर आदळला. मग पलीकडच्या पोरावर. सगळे खो खो हसले. वर कंट्रोल रूमच्या काचेमागे कुणीतरी हातवारे करत नाचत होतं, आमच्याहून जास्त. कॅमेरा झटकन खाली वळला, नुसते बूट दाखवायला लागला.

मग हळू गाणं लागलं. कॅझ माझ्यासमोर आला.

"डेल्फीन पिंकनी, माझ्याबरोबर नाचशील?"

"परत आदळलास तर?"

"समोरासमोर नाही आदळत मी. येतेस का?"

मी गेले. दिव्यांची ऊब मानेवर, त्याच्या जाकिटाला साबणाचा वास, आणि भोवतीची पोरं हळूहळू मागे सरकलेली. मी भीतीने मरत होते आणि इतकी खूश आयुष्यात झाले नव्हते.

तेवढ्यात कार्यक्रमाचा सूत्रधार स्किप हार्लन माईक घेऊन आला. हा माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक जोडीला तेच प्रश्न विचारायचा: नाव काय, शाळा कुठली, आज कुणाबरोबर आलास. घाबरला की त्याचं तोंड आपोआपच चालायचं. आणि आज तो भलताच घाबरला होता.

"नाव काय, बेटा?" हसू चिकटवल्यासारखं.

"कॅझिमिर बोरोव्स्की."

"आणि आज… आज कुणाबरोबर आलास?" विचारलं, आणि स्वतःच्याच प्रश्नाने त्याचे डोळे विस्फारले.

"डेल्फीनबरोबर," कॅझ म्हणाला. "माझं प्रेम आहे तिच्यावर. तिने हो म्हटलं, तर उद्याही तिच्याबरोबरच येईन. आणि उद्या मंगळवार आहे."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. गाणं मधेच तुटलं.

"थांबा, थांबा सगळे!" हार्लन ओरडला. "बंद केलंय! आता कुणी बघत नाहीये तुम्हाला!"

कॅझ थांबला नाही. मग मी का थांबू? मागे कुणीतरी टाळ्यांनी ठेका धरला. मग पाय. मग आख्खा स्टुडिओ. बर्निस रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. आम्हाला बाहेर काढेपर्यंत आम्ही नाचत होतो.

गुरुवारी जाहीर झालं. 'हार्लन हॉप' बंद, सगळ्यांसाठी, कायमचा. आम्हाला एकत्र नाचू देण्यापेक्षा त्यांनी कार्यक्रमच गुंडाळला! गोऱ्या पोरांनी मला शिव्या घातल्या, आमच्यातल्या काहींनीही. बर्निस माझ्याशी बोलेना. कॅझचा पत्ताच नव्हता. कुणी म्हणालं, बापाने घरात कोंडलाय. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पश्चात्ताप? छे. शोधून सापडला नाही.

पुढच्या महिन्याचा शेवटचा सोमवार आला. सकाळी उठून बघते तर शेगडीवर फणी तापलेली, आणि दारात पोरींची रांग!

"आई? आज कार्यक्रम नाहीये."

"माहितीये मला. मीही टीव्ही बघते," आई म्हणाली. "त्या दिवशी तो दिवा विझायच्या आधी काय बोलला तो पोरगा, तेही ऐकलं. आपल्या पोरीबद्दल असं उघड बोलायची हिंमत… असो. इतक्या पोरींचे केस केलेत, कुठेतरी नाचायलाच हवं ना? आटप."

स्टुडिओसमोरच्या गाड्यांच्या मोकळ्या जागेत मामाने आपली गाडी लावली, दार उघडून आत ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली. आम्ही सगळे होतो. बर्निस माझ्याकडे पाठ करून, पण होती. डूली धावत आला.

"अरे, आज इथे काही नाहीये! काय करताय तुम्ही?"

"नाचतोय, मिस्टर डूली," बर्निस म्हणाली. "आता तरी कुठला दिवस कुणाचा ते सांगू नका आम्हाला."

आणि तेव्हा बस थांबली. आधी मिल्ड्रेड उतरली, मग आणखी दोन निळी जाकिटं. शेवटी कॅझ. त्याच्या अंगावर जाकीट नव्हतं. डोळ्याखाली हिरवंनिळं झालं होतं.

"कुणी मारलं?"

"दार लागलं."

"दाराचं आडनाव बोरोव्स्की का?"

तो हसला. "बापाने बाहेर काढलंय. मावशीकडे राहतोय. डेल्फीन, तू त्या दिवशी उत्तरच दिलं नाहीस."

मामाने सुई उचलली होती. आई बघत होती, डूली बघत होता, वर खिडकीत साहेब लोक जमून बघत होते. कॅझने माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "हळू सांगितलंस तरी चालेल."

"मला नाही चालणार," मी म्हटलं, आणि छाती भरून श्वास घेतला. "मी तुझ्यावर प्रेम करते, कॅझ बोरोव्स्की! ऐकलं का सगळ्यांनी? आज सोमवार आहे, उद्या मंगळवार, आणि मी रोज करणार आहे!"

मामाने सुई पुन्हा रेकॉर्डवर ठेवली.