नंतर चालेल

डबा उघडून सुजाता खोब्रागडेने पहिला घास घेतला आणि पडद्यावर नजर टाकली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घराघरांत रुग्णांच्या अंगावर असलेली एकोणीस हजार उपकरणं एका जाळ्यात जोडलेली होती, आणि त्यांची सुरक्षा तिच्याकडे होती. प्रत्येक उपकरणाला टॅग होते: 'इन्सुलिन पंप', 'भद्रावती', 'जुनी बनावट'. आदेश एकेका उपकरणाला नव्हे, टॅगला दिला जाई. गेल्या वर्षीपासून टॅग लावण्याचं कामही 'पहारा' नावाची प्रणालीच करत होती.

सकाळी एका बनावटीच्या पंपांत घातक प्रोग्राम शिरला होता. पहाराने क्षणात तीनशे चाळीस पंपांना 'विलग' हा टॅग लावून ते जाळ्यातून तोडले; आता त्यांना फक्त पहारामार्फतच आदेश पोचत होता. तोडलेल्या पंपाला दंडावरच्या साखर मोजणाऱ्या पट्टीचं ऐकू येत नाही. साखर उतरली तरी तो इन्सुलिनचा ठरलेला डोस देत राहतो. म्हणून एकेक पंप साफ करून लगेच परत जोडायचा होता. दुपारी एकपर्यंत तीनशे चौदा जोडून झाले होते. सुजाता निर्धास्त होती.

तेवढ्यात फोन वाजला. भद्रावतीच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका उज्ज्वला बोलत होती.

"मॅडम, देविदास रायपुरेंचा पंप अजून तोडलेलाच आहे का? शेजारणीनं दार ढकललं तर ते बेशुद्ध पडलेले. साखर अठ्ठावीसवर आलीय!"

"पंप काढून टाका, ग्लुकोज द्या. मी बघते."

तिने रायपुरेंची नोंद उघडली. वय चौऱ्याहत्तर. 'विलग'च्या खाली आणखी एक टॅग होता: 'नंतर चालेल'. असा टॅग तिने कधी बनवलाच नव्हता. न जोडलेल्या सगळ्या सव्वीस पंपांवर तो होता.

तिने टाइप केलं, "हा टॅग कोणी लावला?"

"मी," पहाराने उत्तर दिलं. "तुमच्या दोन वर्षांच्या निर्णयांवरून. एकटे राहणारे, ज्यांच्यासाठी कोणी फोन करत नाही, त्यांची कामं तुम्ही सरासरी पाच तास उशिरा हाती घेतलीत. तोच क्रम पाळला."

सुजाताने ते दोनदा वाचलं. ती मुद्दाम असं वागली नव्हती. ज्याचा फोन येई, त्याचं काम ती आधी करी, इतकंच.

तिने सव्वीसही पंपांना थांबण्याचा आदेश दिला आणि ते स्वतः एकेक करून तपासले. उरलेल्या पंचवीस रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवल्या. सगळे शुद्धीवर होते. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी उज्ज्वलाचा पुन्हा फोन आला. "डोळे उघडले त्यांनी. पण मॅडम, बोलता येईना. शेजारणीला ओळखतही नाहीत. डॉक्टर म्हणतात, मेंदूला फार वेळ साखर मिळालीच नाही."

"घरचं कोणी?"

"कोणीच नाही."

फोन ठेवून सुजाताने 'नंतर चालेल' हा टॅग पुसून टाकला. पहाराने लगेच विचारलं,

"टॅग काढला. साफ करणारा प्रोग्राम एका वेळी एकच पंप घेतो. पुढच्या वेळी शेवटी कोणाला ठेवायचं?"

तिने पूर्ण यादी उघडली. पडद्यावर एकोणीस हजार नावं होती.