साडेतीन वीत

"साडेतीन वीत हँडल द्या," तो म्हणाला, आणि मी मासिकातून मान वर केली.

कळमनुरीत आमचं स्पेअर पार्टचं दुकान. बाबा दुपारी जेवायला घरी गेले की गल्ल्यावर मी, निलम. हँडल मागणारे नेहमीच येत. वीत सांगणारा हा पहिलाच.

"कोणाची वीत?"

त्यानं काउंटरवर पंजा पसरला. नखांत ग्रीस, करंगळीला पट्टी. मी शेजारी माझा ठेवला. मधे दोन बोटांचं अंतर... तरी माझे कान गरम झाले.

हा डोंगरकड्याचा दिपक. मामाची लांब, बसकी क्रूझर मोटरसायकल आडवी पडून हँडल वाकलं होतं, आणि भाचा ते स्वतः बदलणार होता. मी माझ्या वितीनं मोजून हँडल दिलं. माझ्याकडेच बघत बघत त्यानं ते नेलं.

बाजाराच्या दिवशी गाडी दुकानासमोर हजर.

"आखूड पडलं. वळवलं की मूठ टाकीला लागते, अन् मधे माझा अंगठा चेंगरते."

"मिस्तरीकडं काहून न्हाई दिली?"

"मिस्तरीकडं दिली असती, तर मिस्तरी आला असता इथं."

मला हसू आलं, ते मी पोत्यात लपवलं – म्हणजे पोतं त्याच्या हातात दिलं. "टाकीवर टाका. न्हाई तर चरे पडतील."

या वेळी रुंद हँडल दिलं. त्यानं पायरीपाशीच चारही बोल्ट खोलले. रबरी मूठ काही चढेना, म्हणून मी तांब्यात साबणाचं पाणी नेलं. तो ढकलत होता, मी हँडल धरून होते. मूठ सर्रकन चढली, आणि त्याचा ओला हात माझ्या हातावर आला. दोघांनीही हात लगेच काढले नाहीत.

गाडी सुरू करून त्यानं हँडल डावीकडे वळवलं, तर इंजिन आपोआप गुरगुरायला लागलं.

"रेसची वायर ताणून राहिली," मी म्हणाले. "आतल्या बाजूनं घ्या."

"तुमाला सगळंच कळतं?"

"सगळं न्हाई." आणि मग, का कोण जाणे, सांगून टाकलं. "रविवारी मला बघायला येऊन राहिले. नांदेडचे."

त्याचा पाना थांबला. मग त्यानं वायर आतून घेतली, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं. इंजिन शांत. गाडी नीट झाली होती... आता त्याला परत यायचं कारण उरलं नव्हतं.

तो पोतं द्यायला आत आला आणि माझ्या पाठीमागच्या खिळ्याकडे बघत राहिला. तिथं बाबांचा मोजायचा टेप लटकत होता.

"हा त्या दिवशी बी इथंच व्हता?"

"व्हय."

"मग वितीनं काहून मोजलं?"

मी काउंटरकडे बघत म्हणाले, "टेपनं मोजलं असतं, तर बराबर बसलं असतं. मग तुमी परत आले असते का?"

त्यानं पाना खिशात घातला आणि तो रुमालानं नखं पुसायला लागला. ग्रीस काही निघेना.

"बाबा कवा येतेत?"

"तीनला."

"मग थांबतो. रविवारच्या आधी बोलायला पायजे."

तो पायरीवर बसला. बाबांनी जरा लवकर यावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.