त्याच्याकडे न बघता

कळव्याच्या समुपदेशन केंद्रात पहिल्या शनिवारी मी खोलीत शिरले, तेव्हा खुर्चीवर निळ्या शर्टातला एक तरुण बसला होता. मी लगेच पाठ केलेलं सुरू केलं, "नमस्कार, मी संचिता. मी अजून शिकतेय. तुम्ही जे बोलाल ते याच खोलीत राहील. घाई नाही, हवं तेव्हा सुरुवात करा..."

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान वाटलं, मॅडम. पण मी क्लायंट नाही. शेवंतीताई खाली चपला काढतायत. मी त्यांचा इंटरप्रिटर, सुमित. त्यांच्या खुणा बोलून सांगतो."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना... घाई नाही."

माझे कान तापले. तो हसला आणि उठून बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला.

त्याआधी दहा वर्षं मी डोंबिवलीत मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते. समोरचा 'डोकं' म्हणाला की माझा हात गोळीवर! एक आजी रोज ॲसिडिटीची गोळी न्यायला यायच्या आणि अर्धा तास बोलत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "गोळी राहू दे गं, तू नुसती ऐक." तेव्हापासून मला ते काउंटर टोचायला लागलं. तेहतिसाव्या वर्षी वही-पेन घेऊन मी परत वर्गात जाऊन बसले. आई म्हणाली, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाली!"

शेवंतीताईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या दिवा स्टेशनजवळ राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. नवरा वर्षापूर्वी गेला होता. आता त्यांच्या भावाने, साईनाथने, ठरवलं होतं की ताईंनी दिव्याची खोली बंद करून चिपळूणकडे गावी यायचं. त्यांना स्वतःला काय हवंय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आमचं काम तपासणाऱ्या कृतिका मॅडमनी मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. "उत्तर आपलं नसतं, येणाऱ्याचं असतं. आणि आवाज सुमितचा असला तरी बघायचं शेवंतीताईंकडे. तो तुझ्या बाजूला, जरा मागे बसेल. मान वळवायची नाही."

मला वाटलं, यात काय अवघड आहे?

ताईंचे हात चालू झाले की माझ्या कानामागून तो आवाज यायचा. "मी थकले आहे. मी रोज एकटी जेवते. मला त्याच्या शर्टांना हात लावायची भीती वाटते." पुरुषाचा आवाज, पण 'थकलो' नाही, 'थकले'. कुठे नाटक नाही की दया नाही. मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, आणि तो आवाज माझ्या मानेवर येऊन बसायचा.

काम संपलं की तो खाली टपरीवर चहा घ्यायचा. दुसऱ्या शनिवारपासून मीही थांबायला लागले.

"तिकडे एकदापण बघत नाही माझ्याकडे. इथे एवढं टक लावून?" तो म्हणाला.

"तिकडचा बॅकलॉग भरून काढतेय."

"मग अजून एक कटिंग सांगू?"

चौथ्या शनिवारपर्यंत 'मॅडम' गळून पडलं होतं. त्या दिवशी त्याने घरचं सांगितलं. शहाडला घर, आई रमाबाई आणि वडील जगन, दोघंही ऐकू न येणारे. "सात वर्षांचा होतो. आईचा रिपोर्ट डॉक्टरांनी मला सांगितला, मी आईला सांगितला. ती रडली, ते डॉक्टरांना सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं मी..."

"आणि तुला काय वाटलं?"

तो कप फिरवत राहिला. "ते विचारणारी तू पहिलीच."

प्रेमात पडायला मला तेवढं पुरलं. उगाच आढेवेढे कशाला?

पाचव्या शनिवारी ताई अर्धा तास उशिरा आल्या. दिव्यात पाण्याचा टँकर आला होता. बसल्या त्या थेट नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्यावरच आल्या. "डॉक्टर भावाशी बोलायचे. भाऊ मान हलवायचा. मला वाटलं, बरा होतोय. मी त्याच्यासाठी पेज घेऊन गेले... तेव्हा पलंग रिकामा होता. मला कोणी सांगितलंच—"

सुमितचा आवाज तुटला.

मी मान वळवली. त्याचे डोळे भरले होते. मी पाण्याचा ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली आणि मी क्षणभर तशीच राहिले.

परत वळले तेव्हा ताईंचे हात मांडीवर पडले होते. मग ते हात वर आले, आणि सुमित ओल्या आवाजात बोलला, कारण बोलणं त्याला भागच होतं. "दवाखान्यातही कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. तूही तिकडेच बघतेस."

मी ताईंकडे बघून म्हटलं, "माझं चुकलं." त्या उठून गेल्या.

कृतिका मॅडमना मी सगळं सांगितलं, टपरीसकट. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "इंटरप्रिटर बदलता येईल. समुपदेशक बदलता येईल. ठरवणार कोण?"

"शेवंतीताई," मी म्हटलं.

जिन्यात सुमित थांबला होता. "चहा?"

"नको, सुमित. ताईंचं संपेपर्यंत नको. चहा नको, फोन नको... काहीच नको."

तो कठड्याला टेकला. "मलापण हेच बोलायचं होतं. बोलवत नव्हतं." मग म्हणाला, "किती दिवस लागतील?"

"त्यांना लागतील तेवढे."

पुढच्या शनिवारी मी ताईंना विचारलं, त्यांच्याच डोळ्यांत बघून. दुसरी समुपदेशक हवी का, दुसरा इंटरप्रिटर हवा का? त्या बराच वेळ मला निरखत होत्या. मग सुमितचा आवाज आला, "हा माझं बोलणं वाकडंतिकडं करत नाही. राहू दे. तूही राहा. पण बघायचं इकडे."

तीन महिने मी ताईंकडेच बघितलं. तास संपला की तो आधी निघून जायचा, मी दहा मिनिटांनी. आठवड्यातून एक तास मला त्याचा आवाज मिळायचा, आणि त्यातला एकही शब्द त्याचा नसायचा.

जानेवारीत एकदा ताई म्हणाल्या, "भांडून दमले. जाते गावी. पुढच्या शनिवारपासून येत नाही."

खरं सांगते, माझ्या मनात आलं, हो म्हण. म्हण की विचार चांगला आहे. ताई गावाला, आणि आम्ही मोकळे! जिभेवर वाक्य तयार होतं. मला माझीच लाज वाटली. मी ते गिळलं आणि एवढंच म्हटलं, "दमलात." आणि गप्प बसले. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मागून श्वासाचाही आवाज नव्हता. चार मिनिटं झाली असतील.

ताईंचे हात सावकाश वर आले. "दमले आहे. पण गावी गेले तर परत सगळे माझ्यासाठी ठरवणार. मला दिव्यातच राहायचंय. पाणी नसलं तरी."

मागून आलेला आवाज कापत होता. मी मान वळवली नाही.

फेब्रुवारीत ताई भावालाच घेऊन आल्या. साईनाथने सुमितकडे तोंड करून सुरुवात केली, "तिला सांगा, की—" ताईंनी टेबलावर थाप मारली आणि बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे नेलं. इथे बघून बोल! तो गडबडला, वळला, आणि बहुधा जन्मात पहिल्यांदा बहिणीशी समोरासमोर बोलला. तासाभराने खाली उतरताना त्याचे डोळे लाल होते. ताई दिव्यातच राहणार होत्या.

ताई दारात थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघून काही खुणा केल्या. मागे शांतता.

"सुमित, काय म्हणाल्या?" मी ताईंवरची नजर न हलवता विचारलं.

तो खाकरला. "त्या म्हणतात... नाही, सॉरी... 'माझं काम झालं. आता तू याच्याकडे बघितलंस तरी मला चालेल. बघ एकदा, बिचारा वाळला.'"

ताई हसत जिना उतरून गेल्या.

मी वळले. तीन महिन्यांत दाढी थोडी वाढली होती, आणि ताई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. तो उभाच होता, हात लोंबकळत, एखाद्या पाहुण्यासारखा.

"बोल ना," मी म्हटलं.

"मला तू आवडतेस, संचिता. खूप. रोज."

मला रडू फुटत होतं, तरी विचारल्याशिवाय राहवेना. "हे कोण बोलतंय?"

"मी," तो म्हणाला. "मी बोलतोय."