बारा पावलं

विट्याच्या त्या शाळेत हजेरीला आता कोणी नावं पुकारत नसे. फाटकातून आत आलं की जमिनीवर काळी पट्टी होती, बारा पावलांची. मुलांनी तिच्यावरून चालत जायचं, एवढंच. मुलांचे चेहरे टिपायला बंदी आली तेव्हापासून शाळांनी पाय धरले होते. टाच किती जोरात टेकते, वजन कुठे पडतं, दोन पावलांत किती वेळ जातो, यावरून पट्टी माणूस ओळखत असे आणि शेजारच्या खांबावर त्याचं नाव हिरवं उजळत असे. कागदोपत्री याला 'पदओळख' म्हणत. पट्टीला फसवता येत नाही, असं मुख्याध्यापक दर सोमवारी बजावत. दर सोमवारी बजावावं लागे, यातच काय ते आलं.

सारंगला पट्टीने दोनदा 'अनोळखी' ठरवलं होतं. सारंग हे नाव फक्त केतकी तोडकरला माहीत होतं. घरी, शाळेत आणि जूनमधल्या नोंदीत तो सायली माने होता, मुलगी. जूनमध्ये तो आईने शिकवल्यासारखा, जपून, पाय जवळ घेऊन चालला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने केतकीला सगळं सांगून टाकलं, आणि त्यानंतर त्याची पावलं आपोआप लांब पडू लागली. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला तर पालकांना बोलावून नवी नोंद करायची, असा नियम होता. नुसते केस बारीक कापले म्हणून पप्पांनी त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं. हे कळलं तर शाळा कायमची सुटणार, याची सारंगला खात्री होती. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. त्याचे पाय वर्गात बाकाखालीसुद्धा स्वस्थ राहत नव्हते.

म्हणून गेला आठवडाभर दोघं शाळा सुटल्यावर लेझीमच्या मैदानामागे सराव करत होते. सारंगची जुनी चाल सारंगला केतकी शिकवत होती.

"डावा पाय आत घे. आजून. आन् हात ओढणी धरल्यागत ठेव." ती स्वतः चालून दाखवी, पुन्हा पुन्हा.

"तुला एवढं पाठ कसं?" सारंगने विचारलं.

केतकी थबकली. "आठवीपास्नं बघतीय की तुला. मैदानावर पन्नास पोरी असल्या तरी..." तिचे कान तापले होते.

सारंगला आनंद झाला, आणि पाठोपाठ रागही आला. "म्हंजे तुला ती चाल आवडती. मी न्हवं."

"तसं न्हाई रे."

"मग कसं?"

तिने दप्तर खांद्याला लावलं. घरी जाताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंग पट्टीवर उतरला. डावा पाय आत, हात ओढणी धरल्यागत. बाराही पावलं त्याने मोजून टाकली. खांब लाल झाला. 'अनोळखी.' जुनी चाल त्याच्या डोक्यात होती, पण पाय ती विसरले होते.

मागून केतकी लगेच पट्टीवर उतरली. तिचं सगळं लक्ष सारंगकडे होतं, आणि पायांनी आठवडाभर गिरवलेलंच केलं. खांब हिरवा झाला. 'सायली माने. हजर.'

"आता काय म्हणावं!" शिपाई बळवंतमामा खांबाकडे बघतच राहिले. "सायली तर हितं उभी हाय!"

शाळेचा निरोप मिळताच दहा मिनिटांत सूतगिरणीतल्या कामावरून सारंगची आई आली. तिच्या केसांत कापसाचे तंतू होते. खांबातून आवाज आला, "नवीन नोंद. पालकांसमोर चालून दाखवा."

सारंग जागचा हलेना. त्याला पळून जावंसं वाटत होतं. तेव्हा केतकी त्याच्या कानाशी लागली.

"काल इचारलंस न्हवं? ती चाल माझ्या पायात हाय, ऱ्हाऊ दे तितंच. मला तू पायजेस."

सारंगने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो चालला. कसलंही सोंग न करता, लांब ढांगा टाकत, खांदे सैल सोडून.

"चाल नोंदवली," खांब म्हणाला. "नाव सांगा."

त्याने आईकडे पाहिलं. आवाज मोठा निघाला. "सारंग."

बळवंतमामांनी मान खाली घातली. आई त्या काळ्या पट्टीकडे बघत होती.

"परवा बाजारात तू लांबनं येत हुतास," ती म्हणाली, "तवा मला वाटलं, ह्येच आलं. हुबेहूब तुझ्या पप्पांची चाल."

सारंगने पप्पांची नक्कल कधीच केली नव्हती. उलट ज्यांना घाबरायचं, त्यांच्यासारखं काही आपल्यात असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खांबावर 'सारंग' ही अक्षरं लुकलुकत होती. खाली पालकाच्या अंगठ्यासाठी चौकोन उघडला होता. आईने हात पदराला पुसला आणि अंगठा चौकोनाजवळ नेऊन थांबवला.

"मी अंगठा देईन," ती म्हणाली. "पण संध्याकाळी ते घरी आल्यावर त्यास्नी कुणी सांगायचं? तू, का मी?"