मागे मागे येणारं स्टूल

आमची ओळख एका चालत्या दारामुळे झाली.

आम्ही बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधली नायिका घेऊन मी किल्ल्यात शिरले, तर दार चौकटीतून सुटून माझ्यामागे चालायला लागलं. तलवार मारली, तर चक्क कण्हलं! मी डोक्याला हात लावला.

"हे दार कोणाचं?"

"माझं," नवा प्रोग्रामर म्हणाला. वर हसला! "राक्षसाच्या क्लासवरून, त्याच्याच कोडच्या साच्यावरून केलंय. राक्षस मार खाऊन फुटतो, दारही फुटतं. मग पुन्हा कशाला लिहायचं?"

"अहो, राक्षस पाठलागही करतो! तोही वारशात आला ना दाराकडे?"

"अरेच्चा... खरंच की."

असा संताप आला म्हणून सांगू! चारला साहेब गेम बघणार होते. हा महिन्याच्या बोलीवर आलेला. गेम फसला की याची सुट्टी. घाम मात्र मला फुटला. का, ते विचारू नका.

खुर्ची ओढली आणि रागाच्या भरात 'अहो'वरून 'अरे'वर आले.

"अरे, दाराला राक्षसाच्या घराण्यात कशाला घालतोस? इंटरफेस लिही. म्हणजे नुसतं वचन – मार बसला की फुटेन. कोण, कोणाच्या घरचा, काही विचारायचं नाही. दार दारासारखं फुटेल, मडकं मडक्यासारखं. एकदा लिही, कुठेही वापर. कळलं?"

"कळलं."

"स्क्रीन तिकडे आहे."

"हो... तिकडेच बघतोय," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

चारला दारं गपगुमान जागेवर होती. मडकी झकास फुटली. मी श्वास सोडणार, तोच एक स्टूल उठलं आणि तुरुतुरु नायिकेमागे निघालं. ती थांबली की थांबे, वळली की लाजून एक पाय मागे घेई.

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग ते खो खो हसले. "हे स्टूल राहू दे. आणि ते करणाराही."

ते जाताच मी त्याच्यावर धावले. "एक विसरलास! जीव गेला असता माझा!"

"विसरलो नाही. ते राक्षसाचं नाहीच. वेगळा इंटरफेस आहे, तू शिकवलास तसा. वचन एकच... सोबत करीन."

"नोकरी जायची वेळ, आणि तुला हे सुचतं?"

"गेली असती, तर सांगायचं राहिलं असतं ना."

काय करावं या माणसाचं! मला चिडायचं होतं, पण हसूच येत होतं. पर्स उचलून तरातरा निघाले. जिन्यात मागून पावलं वाजली. मी थांबले, तीही थांबली.

"मागे मागे काय येतोस?" मी वैतागून म्हटलं आणि कठड्याकडे सरकून जागा केली. "शेजारून चाल."